एका सीलचा शोध



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासावर बोलायचे म्हणजे एखादे राज्य, एखादी लढाई, निदान एखादा किल्ला तरी हाती घ्यावा असा संकेत आहे. आम्ही आज हाती घेतली आहे ती तळहातावर सहज मावेल एवढी रबराची एक कडी. मोटारीच्या धंद्यात तिला ‘ऑइल सील’ म्हणतात. किंमत विचाराल तर दोन कप चहाच्या आसपास. इतक्या क्षुद्र वस्तूसाठी आपल्यासारख्यांची वसंतातली एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. परंतु या कडीपायी आम्हास चार महिने हिंडावे लागले, आणि त्या हिंडण्यात जो इतिहास कानी पडला व पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिला, तो आपल्यापुढे ठेवण्याजोगा वाटला. म्हणून हे धाडस.

प्रसंग असा घडला. आमच्या तीर्थरूपांनी १९६५ साली घेतलेली एक फियाट डिलाइट गाडी आमच्या घरी आहे. त्या काळी गाडी पैसे टाकून मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ती घरात आली ती एखाद्या सुनेसारखी, ओवाळून. तीर्थरूप गेले, गाडी राहिली. एके दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली तो खालच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. इंजिनाचे तेल म्हणावे तर डागाची जागा निराळी. आमच्या तीर्थरूपांपासून या गाडीला हात लावणारे एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत, त्यांना बोलावले. त्यांनी खाली वाकून बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि म्हणाले, “साहेब, स्टिअरिंग बॉक्सचं सील गेलंय.”

मग त्यांनी पेटीचे वरचे बूच काढले, आत तार घालून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. आत तेलाऐवजी घट्ट ग्रीस ठासलेले होते. वर्षापूर्वी एका गॅरेजात गाडी दिली होती. तिथे गळती थांबवण्याचा हा सोपा उपाय कोणी तरी करून ठेवला होता, आणि तो करताना आम्हास विचारण्याची गरज त्यांस वाटली नव्हती. आज आम्ही पाहिलेला डाग म्हणजे ग्रीसातून सुटून आलेले उरलेसुरले तेल. मिस्त्री एवढेच म्हणाले, “ग्रीस भरलं की डाग थांबतो साहेब, झीज थांबत नाही. घाटात नेऊ नका.”

हे वाक्य नीट समजण्यासाठी त्या पेटीत काय चालते हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहायचे तर दोनशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

आपली बैलगाडी दुचाकी. तिला वळवण्याचा प्रश्नच नसतो. बैल वळले की गाडी वळली. प्रश्न येतो चार चाकांच्या वाहनास. वळण घेताना आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या वर्तुळात. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवली तर एक चाक रस्त्यावर घासत जाते. जुन्या घोडागाड्यांत पुढचा सबंध आसच मध्यावरच्या एका खुंटीभोवती फिरवीत. वेग थोडा असे, म्हणून निभावून जाई. पण वळणावर गाडी कलंडण्याचे भय असेच. म्युनिकमधील गाड्या बनवणारा कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१७ मध्ये यावर युक्ती काढली. आस जागीच ठेवायचा, दोन्ही टोकांची चाके स्वतंत्र खुंट्यांवर वळवायची आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळेल अशा तऱ्हेने ती दांड्यांनी जोडायची. लंडनमध्ये या युक्तीचे पेटंट १८१८ मध्ये घेतले ते त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान या पुस्तक व चित्रांच्या प्रकाशकाने. परिणाम असा की आजही जगभरच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही रचना आकरमानच्या नावाने शिकवली जाते. शोध कारागिराचा, नाव मुखत्याराचे. असे आपल्याकडेच होते असे नव्हे.

कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले तेव्हा ती गाडी तीन चाकांची होती. पुढच्या दोन चाकांना नीट वळवण्याचा प्रश्न त्याला समाधानकारक सुटला नव्हता, म्हणून त्याने पुढे एकच चाक ठेवले. तो प्रश्न सोडवून त्याने १८९३ मध्ये चारचाकी गाडी आणली. या आरंभीच्या गाड्या वळवायच्या त्या होडीच्या सुकाणूसारख्या दांड्याने किंवा हाताने फिरवण्याच्या लहान मुठीने. गोल चाक हाती घेऊन बसण्याची पद्धत त्यानंतरची. १८९४ च्या जुलैत पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची शर्यत झाली. तीत आल्फ्रेड वाशेराँ नावाच्या गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक बसवले होते, अशी नोंद आहे. पुढील दहाएक वर्षांत दांडा मागे पडला आणि चाक सर्वत्र झाले.

चाक आले आणि त्याबरोबर पेटी आली. कारण असे की गाड्या जड होत गेल्या, वेग वाढला, आणि माणसाच्या हाताचे बळ मात्र होते तेवढेच राहिले. रस्त्यावरचा दगड चाकाला लागला की त्याचा हिसका थेट हाताला बसे. यावर उपाय म्हणून हात आणि चाके यांच्यामध्ये मळसूत्र घालण्यात आले. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक मळसूत्र, त्याच्या आट्यांत अडकलेला दात्यांचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याच्या आसाला खाली जोडलेला एक हात. आपण वर चाक पुष्कळ फिरवावे तेव्हा खालचा हात थोडासा हलतो. पण जेवढा हलतो तेवढा मोठ्या जोराने हलतो. शिवाय खालचा हिसका वर येता येता मळसूत्रात बराचसा जिरतो. आमच्या डिलाइटमध्ये हीच व्यवस्था आहे.

मळसूत्राचे आटे आणि दाते एकमेकांवर दाबून घासत राहतात. त्यांना तेल हवे. तेल ठेवायचे तर बंद पेटी हवी. पण पेटी पूर्ण बंद करता येत नाही, कारण एका बाजूने स्टिअरिंगचा दांडा आत यायला हवा आणि दुसऱ्या बाजूने खालच्या हाताचा आस बाहेर जायला हवा. जिथून आस बाहेर जातो तिथे भोक असते. भोक बरोबर खालच्या अंगाला असते. आणि तेलाचा स्वभाव खाली जाण्याचा. आस फिरता राहावा आणि तेल आत राहावे, या दोन परस्परविरुद्ध मागण्या एकाच जागी पुऱ्या करण्याचे काम ज्या वस्तूवर येते, तिचे नाव सील.

ग्रीसचा उपाय का चुकीचा, हेही येथेच उघड होते. तेल पातळ, मळसूत्राने बाजूला सारले तरी पुन्हा वाहत जागेवर येते. ग्रीस तसे येत नाही. घट्ट पिठल्यात उलथने फिरवले की मध्ये वाट पडते आणि ती वाट भरून येत नाही, तसेच पेटीत होते. मळसूत्र आपल्यापुरती वाट करून घेते आणि मग कोरडेच फिरत राहते. आटे झिजतात, चाकात ढिलाई येते. आज बोटभर, उद्या दोन बोटे. सपाट रस्त्यावर ती जाणवत नाही. खंबाटकीच्या वळणावर समोरून मालमोटार आली असता आपण चाक वळवावे आणि गाडीने क्षणभर ऐकूच नये, तेव्हा ती जाणवते. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे उमटले होते ते हे. आमच्या गाडीत त्या काळात आमची नात शाळेला जात होती.

आता सीलचा इतिहास पाहू. या वस्तूचा जन्म चामड्याच्या घरात झाला आहे, हे ऐकून आपणास नवल वाटेल. पण वाटू नये. आपल्यापैकी ज्यांनी स्टोव्ह वापरला आहे, त्यांस पंपातला चामड्याचा वॉशर आठवत असेल. तो वाळला की पंप कितीही मारा, हवा भरत नाही. मग आई तो बाहेर काढी, त्यावर तेलाचे दोन थेंब सोडी, कडा बोटांनी पसरी, आणि स्टोव्ह पुन्हा चाले. विहिरीवरची मोटही चामड्याचीच होती. पाणी अडवावे, हवा अडवावी, वंगण अडवावे, आणि तरीही लवचीक राहावे, असे काम करणारे द्रव्य माणसाजवळ शेकडो वर्षे एकच होते आणि ते म्हणजे कमावलेले कातडे. वाफेच्या यंत्रांत चरबीत भिजवलेला ताग दाबून भरीत; आरंभीच्या मोटारींत नमदा आणि बुचाच्या लाकडाच्या चकत्या वापरीत. कित्येक गाड्यांत काहीच नसे. तेल गळे, आणि मालक ते पुन्हा भरी. त्या काळच्या मोटारवाल्याला तेलाचा डाबा हा घोड्याच्या चाऱ्यासारखाच नित्याचा खर्च वाटत असे.

जर्मनीत वाइनहाइम येथे कार्ल योहान फ्रॉयडेनबर्ग याने १८४९ मध्ये कातडी कमावण्याचा कारखाना काढला होता. ऐंशी वर्षे त्या घराण्याचा धंदा चामड्याचाच. १९२९ साली जगावर मंदी कोसळली, चामड्याची मागणी बसली, तेव्हा हाती असलेल्या मालातून दुसरे काय करता येईल या विचारात ते पडले आणि यंत्रांसाठी चामड्याच्या कड्या बनवू लागले. त्यांच्याकडे वाल्टर झिमर नावाचा ऑस्ट्रियन अभियंता होता. त्याने १९३२ च्या सुमारास चामड्याची कडी पत्र्याच्या कवचात बसवून, तिचा ओठ आसावर टेकलेला राहील अशी तयार वस्तू बनवली. पेटीच्या भोकात ती ठोकून बसवली की काम झाले. तिचे नाव त्याच्यावरून ‘झिमररिंग’ असे पडले, आणि जर्मन कारागीर आजही कोणत्याही कंपनीच्या सीलला याच नावाने हाक मारतात. समुद्रापलीकडे अमेरिकेत ‘शिकागो रॉहाइड’ ही १८७८ साली निघालेली, नावापासूनच कातड्याची असलेली कंपनी त्याच सुमारास त्याच वाटेने जाऊन मोटारींच्या सीलांपाशी पोहोचली होती. दोन खंडांत दोन कातड्याचे धंदे, आणि दोघांना मोटारीने नवा धंदा दिला. ज्या मोटारीने खोगीर आणि लगाम बनवणाऱ्यांचे पोट मारले, तिनेच त्यांच्यातल्या काहींस असे हात देऊन उठवले, ही या इतिहासातली ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

चामड्याचे गुण पुष्कळ. आस थोडा खरबरीत असला तरी ते सांभाळून घेते, कोरडे पडले तरी लगेच जळत नाही. पण उष्णता आणि वेग त्यास सोसत नाही; यंत्रे वेगवान झाली तसे ते अपुरे पडू लागले. मग रबर का नाही, असा प्रश्न सहज मनात येतो. चार्ल्स गुडइयर याने गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत १८३९ मध्येच शोधली होती. अडचण निराळीच होती. झाडाच्या चिकापासून केलेले रबर खनिज तेलात टाकले की फुगते, मऊ पडते आणि अखेर चिकट गोळा होते. कारण दोघांची घडण एकाच जातीची, कर्ब आणि हायड्रोजन यांची. सजातीयास सजातीय आपल्यात घेते; तेल रबरात शिरते. याकरिता तेलाशी ज्याचे गोत्र जुळत नाही असे रबर हवे होते. ते १९३० च्या दशकात जर्मन रसायनज्ञांनी तयार केले. आज त्यास नायट्राइल रबर म्हणतात. १९३६ पासून वाइनहाइमच्या कारखान्यात अशा कृत्रिम रबराची सीले निघू लागली, आणि हळूहळू चामडे मागे पडले. ओठाभोवती बारीक तारेची स्प्रिंग, मागे पोलादी कवच, असे आजचे रूप तेव्हापासूनचे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. रबर म्हणजे रबर, असे समजणे घातक आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डी. एस. नावाची गाडी काढली. तिची स्टिअरिंग, ब्रेक आणि झोक सांभाळणारी यंत्रणा, सारी द्रवाच्या दाबावर चालत असे. आरंभी तो द्रव लाल रंगाचा होता; १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने तो बदलून हिरवा खनिज द्रव आणला. दोन्ही काळांतल्या गाड्या बाहेरून बहिणी-बहिणी; पण लाल गाडीत हिरवा द्रव घातला, अथवा हिरव्या गाडीत लाल, तर आतली सगळी सीले नासतात. मापात तसूचाही फरक नसलेली दोन सीले एकमेकांच्या जागी बसवली तर गाडीचा प्राण जातो. आपल्या साध्या गाड्यांतही ब्रेकचे रबर आणि तेलाचे रबर निराळे असते. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागता कामा नये. दिसायला सारखे म्हणून चालवून घेणारा माणूस येथे फसतो.

एवढा इतिहास समजल्यावर आम्ही आपले सील आणायला बाजारात गेलो. येथून आपल्या देशाचा आणि विशेषतः आपल्या मुंबईचा इतिहास सुरू होतो.

फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात आपली शाखा काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि येथे जोडले जात. गाडी बनत होती परदेशात. येथे तिचे अवयव फक्त सांधले जात. हे पाहून शेठ वालचंद हिराचंद यांनी, या सोलापूरच्या उद्योगपतीने, येथेच मोटार बनवण्याचा ध्यास घेतला. परकी सरकारचा प्रतिसाद थंड असतानाही त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की ज्यांस येथे टप्प्याटप्प्याने सबंध गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी आवरते घ्यावे. परदेशी जुळणीदार निघून गेले. वालचंद त्याच वर्षी निवर्तले. पण त्यांच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने अकराशे जातीची गाडी निघू लागली. पाठीच्या गोलाव्यामुळे मराठी माणसाने तिच्या आरंभीच्या रूपास ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. त्यात उपहासापेक्षा लाडच अधिक होता. १९६४ मध्ये डिलाइट आली, आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली.

सरकारच्या या धोरणाचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञ सांगोत. आमच्या विषयापुरता त्याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. परदेशी गाडी ज्यांच्या दारात उभी होती, त्यांस एका रात्रीत सुट्या भागांचा दुष्काळ पडला. आयातीवर निर्बंध, कंपनी निघून गेलेली. तेव्हा मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या परिसरात, पुण्याच्या नाना पेठेत, चोरबाजारात एक नवी विद्या उभी राहिली. एका गाडीचा भाग दुसरीला लावणे, टर्नरकडून नवा कातून घेणे, साचा करून रबर ओतून घेणे, आणि कुठल्या यंत्राचे काय कशाला चालते हे डोक्यात ठेवणे. या विद्येची पाठ्यपुस्तके नाहीत. ती दुकानाच्या फळीवर बसून शिकली गेली आणि बापाकडून मुलाकडे आली.

फियाटवाल्यांना मात्र तसा दुष्काळ कधी पडला नाही. कारण त्यांच्या मागे मुंबईची टॅक्सी होती. काळ्या-पिवळ्या रंगाची हजारो वाहने दिवसरात्र धावत आणि दिवसरात्र मोडत. त्यांच्यासाठी प्रत्येक खिळा, प्रत्येक कडी, प्रत्येक सील कोणी ना कोणी बनवीतच राही. आमच्यासारखे गृहस्थ रविवारी गाडी पुसून तिच्यावर प्रेम करीत. ती धावती ठेवली ती टॅक्सीवाल्याच्या पोटाने. हे ऋण आम्ही आजवर कधी मानले नव्हते. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या कार्यालयात. वीस वर्षे पुरी होताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले, अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आम्हीही केली. त्या दिवसापासून आपल्या गाडीचे सुटे भाग बनवण्याचे कारण संपले, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले दुकानाच्या पायरीवर. “डिलाइटचं स्टिअरिंग सील आहे का?” असे आम्ही विचारावे आणि समोरच्या तरुणाने आधी गाडीचे नाव पुन्हा विचारावे, असे चार ठिकाणी झाले. कोणी उद्धटपणे वागले नाही. त्यांस ते नावच ठाऊक नव्हते. एकाने तर संगणकात पाहून अशी गाडी नसल्याचे आम्हास सांगितले. गाडी बाहेर उभी होती.

सरकारने मात्र तिच्या वयाची दखल घेतली आहे, हे येथे सांगितले पाहिजे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नियम करून, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी गाड्यांस ‘व्हिंटेज’ असा दर्जा दिला. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्यात भारी फेरफार केलेले नसावेत, अशी अट आहे. अट योग्यच. परंतु मूळ स्वरूप राखण्यास जी वस्तू लागते, ती मूळ स्वरूपात कोणी बनवीत नसेल तर काय करावे, याचे उत्तर नियमात असू शकत नाही. ते बाजारातच शोधावे लागते.

आम्हास ते नाना पेठेतल्या एका अरुंद दुकानात मिळाले. दुकानदार आमच्याच वयाचे. आम्ही गाडीचे नाव सांगू लागताच त्यांनी हात वर केला. “काका, गाडीचं नाव मला सांगू नका. साइज सांगा.” आम्ही गप्प झालो. साइज आम्ही घेतलीच नव्हती. चार महिने आम्ही एका नावाचा शोध करीत होतो, आणि सीलला नाव नसते. सीलला तीन आकडे असतात: आसाची जाडी, भोकाचा व्यास आणि कडीची रुंदी. हे तीन आकडे जुळले आणि रबराची जात योग्य असली की ते सील कशासाठी बनवले होते हे विचारण्याचे कारण नाही. त्यांनी आणखी एक सांगितले: इटालियन गाडी, म्हणून माप मिलिमीटरमध्ये घ्या; इंग्रजी किंवा अमेरिकन असती तर इंचात घ्यायला सांगितले असते.

मिस्त्रींनी पेटी उतरवली, ग्रीस काढून रॉकेलने आतून धुतली, आटे पाहिले. झीज होती, पण बेतात होती; वेळेत उघडली असे ते म्हणाले. जुने सील बाहेर काढले. रबर काचेसारखे कडक झाले होते आणि त्यावरचा क्रमांक पुसला होता. व्हर्नियरने आम्ही तीनही आकडे घेतले, दोनदा घेतले. आसावर जुन्या ओठाने पन्नास वर्षांत एक बारीक खाच पाडली होती. नखाला लागत होती. नवे सील बरोबर त्या खाचेवर बसले असते तर पुन्हा गळले असते. आकडे घेऊन गेलो तेव्हा दुकानदारांनी फळीवरून तीन डबे काढले आणि तिसऱ्यातून एक सील दिले. ते कुठल्या यंत्राचे हे त्यांनाही सांगता येईना. बहुधा शेतीच्या पंपाचे असावे. आसाचे माप तेच, भोकाचे तेच, रुंदी मात्र एक मिलिमीटर कमी. आम्ही शंका काढली. ते म्हणाले, “कमीच बरी. थोडं आत सरकवून बसवा, ओठ खाचेच्या पुढं कोऱ्या जागेवर टेकेल.”

तसेच केले. आसाच्या टोकाला दाते असतात. त्यांनी नवा ओठ चिरू नये म्हणून मिस्त्रींनी त्यांवर पातळ कागद गुंडाळला, ओठाला तेल लावले, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे ठेवली आणि लाकडाचा ठोकळा धरून सील चारी बाजूंनी सारखे बसवले. मग पेटीत तेल भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी होती. आठ दिवस कोरडीच राहिली. मग मिस्त्री स्वतः गाडी घेऊन घाटात जाऊन आले, आणि आल्यावर आमच्या हाती किल्ली देत म्हणाले, “आता पोरीला सोडा शाळेत.”

मंडळी, आपल्या मराठी भाषेत ‘शोध’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. जे जगात नव्हते ते नव्याने काढणे हाही शोध, आणि जे होते पण हरवले ते हुडकणे हाही शोध. वाइनहाइमच्या कारखान्यात लागला तो पहिल्या जातीचा. नाना पेठेतल्या फळीवर लागला तो दुसऱ्या जातीचा. पहिल्याची नोंद पेटंटांत असते, पुस्तकांत असते, म्हणून आम्हास ती वाचता आली. दुसऱ्याची नोंद कुठेही नाही. ती दोन माणसांच्या डोक्यात आहे, आणि दोघेही वृद्ध आहेत. दुकानदारांचा मुलगा बंगळुरास संगणकाच्या कंपनीत आहे. मिस्त्रींच्या हाताखाली सध्या कोणी नाही. यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचीही मुले आमच्या धंद्यात आलेली नाहीत.

आमच्याने होण्याजोगे होते ते एवढेच की त्या सीलचे तीन आकडे, रबराची जात, रुंदी एक मिलिमीटर कमी का घेतली त्याचे कारण, आणि पेटीत ग्रीस न भरता तेल भरावे ही सूचना, हे सारे एका पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लिहून तो पुठ्ठा आम्ही गाडीच्या बॉनेटखाली चिकटवला आहे. मिस्त्रींकडे गेलो आणि त्यांना विचारून आणखी अशा चाळीस-बेचाळीस भागांची वहीही सुरू केली आहे. ते सांगतात, आम्ही लिहून घेतो. कधी ते म्हणतात, “हे काय लिहायचं साहेब, हे सगळ्यांना माहीत असतं.” तेव्हा आम्ही विशेष काळजीपूर्वक लिहितो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुनी मोटार असेल असे नाही. पण जुने शिवणयंत्र असेल, पाण्याचा पंप असेल, पेटी अथवा तंबोरा असेल, आणि तो दुरुस्त करणारे एखादे वृद्ध गृहस्थ ओळखीचे असतील. पुढच्या वेळी ते घरी आले की चहा द्यालच. त्याबरोबर एक वही आणि पेन्सिलही जवळ ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.